पुन्हा लावलं की पुन्हा तीन महिने

बायको गेली तेव्हा गल्लीतले माग बंद होते. कुणी मुद्दाम थांबवले नव्हते, करंट गेलता. आमच्या वडगावात साड्यांचे माग दिवसभर खडखडतात. शेजारी भांडण झालं तरी कळत नाही. दुपारी दोनच्या सुमाराला करंट गेला की एकदम कान मोकळे होतात. त्या मोकळ्या कानानं मी तिला हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही. मरणाचं ह्यापेक्षा जास्त मी सांगणार नाही. डॉक्टरनं काय म्हटलं, कोण कोण आलं, ते सगळ्यांच्या घरी सारखंच असतं.

मला सांगायचंय ते पुढचं. गुरुवारी राख सावडून घरी आलो, अंगावर ओलं धोतर, आणि गल्लीत ती बोलत होती.

"आयांनो, बायांनो, कांडी भरताना हात मऊ ठेवायचा. सुनंशी बोलताना पण."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. माझी थोरली बहीण, जिला गल्ली आक्का म्हणते, तिच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला.

भानगड अशी. गावाबाहेर एका संस्थेचं लहान रेडिओ स्टेशन आहे. कम्युनिटी रेडिओ म्हणतात. थोडं कन्नड, थोडं मराठी. दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडं त्याचा आवाज जात नाही, तेवढीच परवानगी आहे म्हणे. काही वर्षांमागं त्या स्टेशनची एक बाई मशीन घेऊन गल्लीत आलती. खानापूरकडची, तिशीतली, बोलायला बरी. सगळे तिला म्याडम म्हणतात, मीही तेच म्हणतो. ती म्हणाली, कुणीतरी आपल्या रोजच्या जगण्याचं बोला. बाकीच्या बायका दाराआड गेल्या. आमची मात्र चाकावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली, म्हणाली, "बोलते की. पर काम थांबवणार न्हाय."

तसंच मशीनवर भरून घेतलं त्यांनी. मागं चाकाची घरघर. लोकांना आवडलं. मग दर गुरुवारचं झालं. दोन वाजताची वेळही तिनंच ठरवून दिली. म्हणाली, "दोनला करंट जातो, तवाच आमच्या बायका ऐकणार. इतर वेळेला तुमचा रेडिओ कोण ऐकतंय, मागच ऐकतात."

काय बोलायची? फाटक्या साडीची गोधडी, लेकीचं बाळंतपण, नणंदेचा जाच, आणि मी. "आमच्या घरात एक प्राणी हाय," असं सुरू करायची. त्या प्राण्याला मीठ कमी चालत नाही, जास्त चालत नाही, बायकोनं बरोबर घातलं तर तेही चालत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात गेलो की पोरं म्हणायची, "काय प्राणी, च्या घेणार?" मी घरी येऊन ओरडायचो. ती म्हणायची, "नाव घेतलंय काय मी तुमचं? नाव घ्यायला बंदी हाय तिथं. सरकारी नियम हाय."

असा काही नियम नाही, हे मला परवा परवा कळलं.

तर राखेच्या दिवशी ती बोलत होती. शेजारच्या घरातला सेलवरचा रेडिओ होता. मी तसाच ओल्यानं गेलो. शेजाऱ्यानं मला बघितलं आणि घाईघाईनं बटण पिरगाळलं. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. पण एका घरात बंद झाली तर पलीकडच्या घरात बोलत होती. त्याच्या पुढच्या घरात पण. मी किती दारं वाजवणार?

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे होते, झाडावर बसून बघत होते, खाली येईनात. तिला जे जे आवडायचं ते ठेवलं. लेकीला बघतो म्हणालो, आक्काला सांभाळतो म्हणालो. एकही हलला नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि उठा म्हणाला.

आक्का उठली नाही. म्हणाली, "शिवंल कसा? ती अजून बोलालीय. बोलायची थांबल्याबिगर सुटंल कशी बाई?"

"गप बस. रेडिओ हाय तो."

"आवाज कुणाचा हाय?"

मला कावळ्याबिवळ्याचं फारसं पटत नाही. चौथी शिकलोय, पण तेवढं कळतं. तरी आक्काचं ते बोलणं कुसळासारखं आत गेलं, दिसत नव्हतं, टोचत होतं.

पुढच्या गुरुवारी दोन वाजायच्या आतच मी घरातून निघालो. उद्यमबागेच्या रस्त्याला लागलो. तिथं फौंड्रीत हातोडे चालू असतात, कुणाचा रेडिओ ऐकू यायचं कारण नाही. कारखान्यांच्या भिंतींकडेनं चालत राहिलो. एका वॉचमननं विचारलं, "आप्पा, कुणाला बघायला आलाय?" म्हटलं, "कुणाला न्हाय." तो म्हणाला, "मग सावलीला बसा." बसलो. बसवलं नाही. परत चालायला लागलो.

त्याच्या पुढच्या गुरुवारी निपाणीला लेकीकडं गेलो. सांगून सवरून नाही, उठलो आणि बसमध्ये बसलो. ड्रायव्हरजवळ कुणीतरी मोबाईलवर तेच स्टेशन लावलेलं, भजनं चालू होती. काकती सोडल्यावर खरखर सुरू झाली, मग नुसतीच खरखर, मग त्यानं बंद केलं. मला वाटलं, चला, सुटलो. लेकीनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता भाकरी थापायला बसली. जेवताना म्हणाली, "आप्पा, एवढी वर्षं आई रेडिओवर बोलली, मी एकदासुद्धा ऐकलं न्हाय. इकडं लागतच न्हाय."

खरंच की. गल्लीनं ऐकलं, येळ्ळूरनं ऐकलं, धामण्यानं ऐकलं. पोटच्या पोरीनं ऐकलं नाही.

"तू ऐकण्यासारखं काय न्हवतं त्यात," मी म्हटलं. "मलाच शिव्या."

"तेच ऐकायचंय."

तिथं माझ्यानं दोन दिवसांच्या वर राहवेना. जिथं आवाज होता तिथं थांबवत नव्हतं, जिथं नव्हता तिथं करमत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं परत आलो.

परत आलो त्याच दुपारी धामण्याची एक बाई दारात आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात कोवळ्या वालाच्या शेंगांची पिशवी. "रेडिओवाल्या आक्का हितंच राहतात न्हवं?"

आतून आमची आक्का म्हणाली, "ती गेली बाई. महिना व्हत आला."

"कुठं गेल्या?"

"वारली."

बाई माझ्याकडं बघायला लागली. मग रागावली. "असं बोलतात व्हय माणसाविषयी? परवाच्या गुरुवारी ऐकलंय मी ह्या कानानं. लेकीचं सांगत होत्या. माझ्या लेकीचं पण तसंच झालंय, सासरहून आलीया, जात न्हाय म्हणालीय, म्हणून तर विचारायला आले."

"ते जुनं भरलेलं असतंय, ताई," मी म्हटलं. "परत परत लावतात."

"मेल्याव पण?"

ती पायरीवर बसली. आपलं कुणी गेल्यासारखी रडली, आणि आम्ही दोघं तिचं सांत्वन करत उभे राहिलो. जाताना शेंगा ठेवून गेली. परत न्या म्हटलं तर म्हणाली, "त्यांच्यासाठी आणल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर गेलो.

स्टेशन म्हणजे दोन खोल्या आणि गच्चीवर एक खांब. एका खोलीला काच आणि भिंतींना जाड काहीतरी चिकटवलेलं. म्याडम होती, आणि तिचा वरचा एक सर. मला बघून दोघं उभी राहिली. सर म्हणाले, "बसा आप्पा. आम्हाला फार वाईट वाटलं."

"वाईट वाटलं तर तिचं बोलणं बंद करा. आणि पुसून टाका."

सर म्याडमकडं बघायला लागले. मग म्हणाले, पुसता येत नाही. जे जे हवेवर गेलं ते तीन महिने जपून ठेवायचा नियम आहे. वरून कुणी विचारलं, अमक्या दिवशी काय लावलं होतं, तर ऐकवता आलं पाहिजे.

"मग तीन महिन्यांनी पुसा. हे जुनं बोलून तिला तीन महिने कवाच झाले असतील."

"तसं नाही ना आप्पा. आम्ही परवा पुन्हा लावलं. पुन्हा लावलं की पुन्हा तीन महिने."

"म्हणजे तुम्ही लावत राहणार आणि ते वाढत राहणार?"

"तसं होतं खरं."

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आक्काला हे सांगितलं असतं तर तिनं छाती बडवून घेतली असती. "लायसन कुणाचं?" मी विचारलं.

"दिल्लीचं."

"कावळ्याला पण दिल्लीच आडवी आली म्हणायची."

त्यांना काही कळलं नाही, मीही सांगितलं नाही. म्हटलं, मग निदान लावू नका. सर म्हणाले, तिथंच अडचण आहे. नियमानं कमीत कमी निम्मं बोलणं इथल्या माणसांचं, इथल्या भाषेत लागतं. लायसन नवं करायची वेळ आलीय, तपासणीला माणसं येणार. मराठीत बोलणारी तीच एक धड होती. बाकीच्या बायका मशीन बघितलं की पदर तोंडावर घेतात. तिचा गुरुवार काढला तर तिथं खड्डा पडतो.

"ती गेली हे तरी सांगितलं काय कुणाला? काल धामण्याची बाई घरी येऊन रडून गेली."

सरांनी मान खाली घातली. "बातम्या द्यायला परवानगी नाही आम्हाला. मृत्यूची घोषणा बातमीत बसते की नाही, विचारून सांगतो म्हटलं होतं. उत्तर आलं नाही."

म्याडम पहिल्यांदा बोलली. "सर, मी तेव्हाच म्हणत होते, त्यात बातमी काय आहे?"

"तुम्ही म्हणता. दंड मला भरायला लागेल."

मग मी म्हटलं, "खड्डा भरला की बंद कराल?"

"कुणी भरलं तर करू की."

"मी भरतो."

आता माझं बोलणं म्हणजे काय, गल्लीला विचारा. मी बोललो की मांजर पळतं. सरांनाही ते माहीत असावं, कारण त्यांनी मला लगेच नियम सांगायला घेतले. बातमी नाही. कुठल्या पक्षाचं नाव नाही. कुणाच्या देवाधर्माला शिव्या नाहीत. कुठल्या दुकानाची जाहिरात मधेच करायची नाही. "आणि आप्पा, सीमावादाचं तर अजिबात नको."

"वडगावात जन्मलो, वडगावात म्हातारा झालो, आणि सीमेचं नको?"

"नको."

"मग माझ्याकडं उरलं काय?"

"तेच बोला," म्याडम म्हणाली.

काचेच्या खोलीत बसवलं. तोंडापुढं ते माइकचं बोंडूक. दार लावल्यावर असं शांत झालं की करंट गेल्यासारखं वाटलं. माझ्या हातापायाला काही काम नव्हतं. ती कांड्या भरत का बोलायची, ते मला तिथं कळलं. बाहेरून म्याडमनं हात केला. मग बोललो:

"राम राम. गुरुवारी दोनला तुम्ही जी बाई ऐकता, तिचा मी नवरा. ती ज्याला प्राणी म्हणायची तो मीच. ती बाई आता नाही. गेली. तुम्ही ऐकताय ते जुनं आहे. तिला काही विचारायचं असेल तर आता उपयोग नाही. धामण्याच्या ताई, तुमच्या लेकीचं काय करावं मला माहीत नाही. आमची ही असती तर तिनं काहीतरी सांगितलं असतं. मला वाटतं, पोरीला जेवायला घाला आणि जा म्हणू नका."

एवढ्यात सर आत आले. "आप्पा, आप्पा, हे चालणार नाही. ही बातमीच झाली."

मला राग आला. म्हटलं, "बातमी ताजी असतीय. हिला जाऊन महिना झाला. शिळं झालंय सगळं. शिळ्याला कोण बातमी म्हणतंय?"

सर दारातच उभे राहिले. मग म्याडमला म्हणाले, "कुटुंब आणि आरोग्य, त्या सदरात घाला." आणि बाहेर गेले. माणूस वाईट नव्हता. नियमाच्या खाली वाकून वाकून चालायची सवय लागलेली, एवढंच.

गुरुवारी ते लागलं. करंट गेला, माग थांबले, आणि गल्लीभर माझाच घोगरा आवाज. मी घरातच होतो, ह्या वेळी पळालो नाही. बोलणं संपलं तरी कुणी रेडिओ बंद केला नाही, पुढची कन्नड गाणी तशीच चालू राहिली. संध्याकाळपर्यंत बायका येत होत्या. काही जवळच्या खेड्यांतल्या, तोंडओळखसुद्धा नसलेल्या. एकजण म्हणाली, "एवढं उशिरा सांगतात व्हय?" आणि मलाच झापून गेली.

त्यानंतर तिला परत लावलं नाही. तिच्या वेळेला मी बोलत आलोय. मागाचं सांगतो, पूर्वी हातमाग होते त्याचं सांगतो, संकेश्वरच्या बाजाराला साड्या घेऊन जायचो ते सांगतो. लोक म्हणतात, तिच्यासारखं नाही. मला माहीत आहे नाही ते. आक्का दर गुरुवारी ऐकते. विचारलं तर म्हणते, "काय बडबडतोस ते बघते."

तीन महिने भरत आले तशी लेक फोन करायला लागली. "आप्पा, पुसू नका. मला द्या. पेनड्राइव्हवर मिळतंय म्हणे." इकडं आक्का म्हणायची, "घरात आलं तर मी ह्या घरात राहणार न्हाय. बांधून ठेवणार काय तिला डबीत?" दोघींच्या मधे मी. रोज एक ठरवायचो, दुसऱ्या सकाळी दुसरं. लेकीचा हक्क होता, नाही कसं म्हणू? तिनं ऐकलंच नव्हतं.

शेवटी लेकीला म्हटलं, तू ये. पुसायच्या आधी सगळं ऐक.

ती आली. म्याडमनं तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला ते मोठं हेडफोन लावलं. मी बाहेर बाकावर. मला आतलं काहीच ऐकू येत नव्हतं, नुसता तिचा चेहरा दिसायचा. एकदा हसली. मग बराच वेळ डोळे मिटून बसली. मग परत हसली, तोंडावर हात घेऊन, थेट आईसारखी. मी उठलो, बाहेर फेरी मारली, आत आलो, परत बाहेर गेलो. म्याडम म्हणाली, "आप्पा, एका जागी बसा हो." बसलो नाही.

खूप वेळानं लेक बाहेर आली. डोळे सुजलेले. "कशाला हसलीस?" मी विचारलं.

"तुम्हाला. एकदा तुम्ही सासुरवाडीला दोन वेगवेगळ्या चपला घालून गेलता म्हणे."

"खोटं हाय ते. दोन्ही माझ्याच होत्या."

मग ती म्हणाली, "आप्पा, मला द्या की हो. मी कुणाला ऐकवणार न्हाय. आक्काला कळणार न्हाय."

"आक्काचं न्हाय गं," मी म्हटलं. इतके महिने मीच स्वतःला सांगत होतो की आक्कासाठी करतोय. "कावळ्याचं पण न्हाय. राखेच्या दिवसापासनं तो रेडिओवरचा आवाज कानात बसलाय, तिनं काय म्हटलं की मी उत्तर द्यायचो. रस्त्यात चालताना सुद्धा. ती मिठाचं बोलली की मी म्हणायचो, अगं तुझंच चुकलंय. आणि ती पुढं बोलत जायची. थांबायची न्हाय. जिवंत होती तवा मी बोललो की थांबायची, ऐकायची, मग शिव्या द्यायची. ही नुसती बोलती. ऐकत न्हाय. ही ती न्हवं."

लेक माझ्या दंडाला धरून उभी राहिली.

म्याडमनं कॉम्प्युटर लावला. एकेक गुरुवार एकाखाली एक दिसत होता. तिनं सगळे निवडले, ते निळे झाले. मग आमच्याकडं वळली. "काय करू? पुसू की देऊ? अजून वेळ आहे, सांगा."

मी लेकीकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती. तिनं हळूच मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, पण माझा दंड सोडला नाही.

"पूस," मी म्हटलं. "लवकर पूस. विचारत बसलीस तर मी नको म्हणीन."

तिनं बटण दाबलं. पडद्यावर एक चौकोन आला.

"आता काय म्हणतंय ते?"

"नक्की का, विचारतंय."

"त्याला पण विचारायचंय?" मी म्हटलं. "व्हय म्हण. व्हय म्हण त्याला."